पत्ता उजवीकडून वाचा

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व, स्त्रीशिक्षण, स्पर्धापरीक्षा अशा मोठ्या विषयांवर भाषणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. यंदा सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी विषय सांगितला, "इंटरनेटवरचा पत्ता कसा फोडून वाचावा." ते क्षणभर माझ्याकडे पाहातच राहिले. म्हणाले, "सर, एका ओळीच्या पत्त्यावर अर्धा तास काय बोलणार?" मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मनुष्य, संगणकाचा पंडित नव्हे. पण पत्ता वाचणे हे शेवटी वाचनच आहे आणि मुलांना वाचायला शिकवण्यासाठीच तर संस्था मला पगार देते. तेव्हा हा विषय माझ्या हक्कातला आहे असे मी धरून चालतो.

विषय सुचला तो एका प्रसंगावरून. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलाची आई शाळेत आली. घरात कमावते दुसरे कोणी नाही. शिवणकाम करून दोन मुलांना वाढवणारी बाई. स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून ती म्हणाली, "सर, पैसे गेले." मोबाईलवर एक संदेश आला होता. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती पुन्हा सुरू झाली, आजच अर्ज भरा, सोबत एक लिंक. आपणापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की केंद्राची पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली. बंद झालेल्या दारावर जो थाप मारतो त्याच्याकडे गरजवंत धावत जाणारच. तिने अर्ज भरला, बँकेचा खातेक्रमांक दिला, आलेला ओटीपी दिला, आणि शिलाईचे साठवलेले पैसे घटकेत नाहीसे झाले.

मी तिला, खरे सांगायचे तर थोडे रागावूनच, म्हणालो, "आपा, पत्ता तरी पाहायचा होता." त्यावर ती म्हणाली, "पाहिला ना सर. तुम्हीच मीटिंगमध्ये सांगितलं होतं, आधी कुलूप बघा, मग एस बघा. दोन्ही होतं."

बंधुभगिनींनो, ती खरे बोलत होती. दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात मी पालकांना सांगितले होते की पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असावे आणि शेजारी कुलपाचे चित्र असावे, मग ती जागा सुरक्षित. त्या बाईने माझा धडा बरोबर पाठ केला होता. धडाच चुकीचा होता. आज मी तो दुरुस्त करायला उभा आहे.

(भाषणात मी पत्ते फळ्यावर रोमन अक्षरांत लिहिले होते. इथे छापताना त्यांचे उच्चार नागरीत दिले आहेत. टिंबे, रेघा आणि चिन्हे जशीच्या तशी ठेवली आहेत.)

प्रथम एक पुरा पत्ता घेऊ. यातले 'एक्झाम्पल' हे नाव मी मुद्दाम वापरतो. 'एक्झाम्पल.कॉम' आणि 'एक्झाम्पल.ऑर्ग' ही नावे इंटरनेटवर केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेली आहेत, ती कोणाला विकत मिळत नाहीत. तेव्हा कोणाची बदनामी होण्याचे भय नाही.

एचटीटीपीएस://शाळा.एक्झाम्पल.ऑर्ग/निकाल/दहावी?वर्ष=२०२४&तुकडी=ब#गणित

पाहताच डोळे फिरतात. पण हे एक वाक्य आहे आणि वाक्याचे पदच्छेद आपण सातवीपासून करतो.

कोलनच्या आधी जे आहे, 'एचटीटीपीएस', ती बोलण्याची रीत. दोन संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचे ते ती सांगते. शेवटचा 'एस' म्हणजे सिक्युअर. बोलणे गुप्त लिपीत चालेल, वाटेत कोणी चोरून ऐकले तरी त्याला कळणार नाही. एवढेच. पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे असे तो 'एस' म्हणत नाही. बंद लखोट्यातून पत्र पाठवले तर टपालवाला ते वाचत नाही, पण लखोटा ठगाच्याच घरी गेला तर बंद असण्याचा उपयोग काय? या गुप्त बोलण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज फुकट मिळते, चोरालाही मिळते. लोक कुलपाचा अर्थ 'विश्वासू' असा घेतात हे ध्यानात आल्यावर गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते कुलपाचे चित्रच २०२३ साली काढून टाकले. मी मात्र त्याच कुलपाची महती गात बसलो होतो.

कोलननंतर दोन तिरप्या रेघा. यांची एक गंमत आहे. या पत्त्यांची पद्धत टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने बसवली. ते जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत, १९८९ साली त्यांनी जागतिक जालाची योजना मांडली, आणि पत्त्यांचे लेखी नियम डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००९ साली त्यांनीच मोकळेपणाने कबूल केले की त्या दोन रेघांची खरे तर काही गरज नव्हती. जगभरच्या माणसांनी त्या किती वेळा फुकट लिहिल्या असतील! शिक्षकाला अशी कबुली फार धीर देते.

या दोन रेघांनंतर येतो तो भाग आजच्या व्याख्यानाचा गाभा: 'शाळा.एक्झाम्पल.ऑर्ग'. हे घराचे, म्हणजे यजमान संगणकाचे नाव. त्यापुढची पहिली एकटी तिरपी रेघ म्हणजे या घराचा उंबरठा. उंबरठ्याच्या आत 'निकाल' नावाची खोली, तिच्यात 'दहावी' नावाचे कपाट. प्रश्नचिन्हानंतर आपली मागणी: वर्ष अमुक, तुकडी तमुक. दोन मागण्यांमध्ये '&' ही खूण. आणि '#' नंतरचा 'गणित' म्हणजे मिळालेल्या पानावर कुठे बोट ठेवायचे ते. हा शेवटचा तुकडा पलीकडच्या संगणकाकडे जातच नाही, आपलाच ब्राउझर तो वाचून पान तिथवर सरकवतो. क्वचित घराच्या नावानंतर कोलन आणि एक आकडा दिसतो, तो त्या घराच्या दरवाज्याचा क्रमांक. 'एचटीटीपीएस'चा ठरलेला दरवाजा ४४३, म्हणून एरवी तो लिहीत नाहीत.

या खोल्या आणि कपाटे घरमालक हवी तशी ठेवू शकतो. आपल्याला विचारायचे आहे ते एकच: घर कोणाचे?

इथे मला आपल्या जुन्या टपालाची आठवण येते. आपल्यातल्या कितीतरी घरांतली माणसे कुवेत, दम्माम, दुबईला होती आणि आहेत. तिथून येणाऱ्या लखोट्यावर आधी वडिलांचे नाव, मग मोहल्ला, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, महाराष्ट्र, आणि सर्वांत शेवटी इंडिया. आपण वरून खाली लिहिले, पण टपालखाते खालून वर वाचते. कुवेतच्या टपालकचेरीला आपल्या मोहल्ल्याशी कर्तव्य नाही, ती फक्त 'इंडिया' पाहते. मुंबईला जिल्हा पाहतात. वडिलांचे नाव शेवटी आपला पोस्टमन वाचतो.

घराच्या संगणकी नावाचेही अगदी असेच आहे. ही नावांची व्यवस्था १९८३ साली अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. त्यापूर्वी जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी एका ठिकाणी सांभाळली जाई. संगणक वाढले तशी यादी आवरेना. मग टपालासारखी वाटणी केली. 'स्कॉलरशिप्स.जीओव्ही.इन' हे नाव फोनवर टाकले की शोध उजवीकडून सुरू होतो. आधी मुळाशी विचारणा: 'इन' कोण सांभाळतो? तो सांगतो, 'जीओव्ही.इन'ची वही अमक्याकडे. तिथे गेल्यावर कळते 'स्कॉलरशिप्स' कुठे राहते. यंत्र उजवीकडून डावीकडे जाते. आपला डोळा मात्र डावीकडून उजवीकडे जातो, आणि पहिला ओळखीचा शब्द दिसला की थांबतो. ठग आपले दुकान मांडतो ते याच फरकात.

त्या बाईला आलेल्या लिंकमध्ये ठगाचे जे नाव होते ते मी सांगत नाही, कोणी कुतूहलाने उघडून पाहील. त्या जागी आपले 'एक्झाम्पल.कॉम' घालतो. पत्ता असा होता:

एचटीटीपीएस://स्कॉलरशिप्स.जीओव्ही.इन.एक्झाम्पल.कॉम/फॉर्म

डावीकडून वाचा: स्कॉलरशिप्स, जीओव्ही, इन. सारे सरकारी. आता उंबरठ्यावर उभे राहा, म्हणजे 'फॉर्म'च्या आधीच्या रेघेवर, आणि मागे वळून उजवीकडून डावीकडे वाचा: कॉम, एक्झाम्पल. थांबा. घर एक्झाम्पल.कॉमचे आहे. त्याच्या डावीकडे जे जे लिहिले आहे ते त्या घरमालकाने आपल्या मर्जीने लावलेल्या पाट्या आहेत. एकदा 'एक्झाम्पल.कॉम' हे नाव ताब्यात असले की त्याच्या डावीकडे 'स्कॉलरशिप्स', 'स्टेटबँक', 'हजकमिटी' काहीही जोडायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मी माझ्या घरावर 'जिल्हाधिकारी कार्यालय' अशी पाटी ठोकली म्हणून मी कलेक्टर होत नाही. पण इथे पाटी पाहूनच लोक कागदपत्रे देऊन मोकळे होतात.

आमच्या शाळेतल्या मुलांना हे मी वर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने पटकन हात वर केला. म्हणाली, "सर, म्हणजे हे उर्दूसारखं!" मला ते सुचले नव्हते. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यात सन आला की आकडा डावीकडून उजवीकडे वाचतात, आणि मग ओळ पुन्हा आपल्या वाटेने जाते. आपली मुले दिवसातून दहा वेळा डोळ्याची दिशा बदलतात. सकाळी मदरशात उजवीकडून, अकरा वाजता मराठीच्या तासाला डावीकडून. इंटरनेटचा पत्ताही दोन दिशांचा आहे. उंबरठ्याच्या डावीकडचे नाव उलट वाचायचे, उजवीकडच्या खोल्या सुलट. ज्या मुलांना लोक 'दोन लिप्यांच्या ओझ्याखाली दबलेली' म्हणतात, त्यांना हे एका मिनिटात कळले. मी पालकांना दोन वर्षांपूर्वी सांगायला हवे होते ते एका सातवीच्या मुलीने मला सांगितले.

हे उलट लिहिणेच मुळात का, असा प्रश्न कोणी विचारील. सुलटही चालले असते. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या विद्यापीठांनी आपल्या जाळ्यात नावे मोठ्याकडून लहानाकडे लिहिण्याची रीत ठेवली होती, आधी 'यूके', मग शिक्षणसंस्थांचा वर्ग, मग विद्यापीठ, शेवटी विभाग. बाकीचे जग उलट लिहीत होते. मग घोटाळे व्हायचे: ब्रिटिश पद्धतीत शेवटी आलेले 'सीएस' म्हणजे संगणकशास्त्र विभाग, जगाच्या पद्धतीत शेवटचे 'सीएस' म्हणजे चेकोस्लोव्हाकिया! अखेर ब्रिटनने आपली रीत सोडली. ती जगाने उचलली असती तर कदाचित आमच्या त्या बाईचे पैसे वाचले असते, कारण सरकारचे नाव ठगाला पुढे लावता आले नसते. पण झाले ते झाले.

आता उजवीकडून किती शब्द मोजायचे? शेवटी 'कॉम' किंवा 'ऑर्ग' असेल तर दोन. शेवटी 'इन' असेल तर जरा सावकाश. 'इन' हे भारताचे चिन्ह, पण ते सरकारी शिक्कामोर्तब नव्हे. २००५ पासून ते सर्वांना खुले आहे, कोणीही पैसे भरून 'अमुक.इन' घेऊ शकतो. मात्र 'इन'च्या लगेच डावीकडे टिंब देऊन 'जीओव्ही' असेल तर ती पेठ सरकारी कचेऱ्यांसाठी राखीव आहे. 'एसी' असेल तर ती शिक्षणसंस्थांची पेठ. अशा ठिकाणी तिसरा शब्द पाहायचा. राज्याच्या शिष्यवृत्तीचा पत्ता पाहा, 'महाडीबीटी.महाराष्ट्र.जीओव्ही.इन': भारत, त्यात सरकार, त्यात महाराष्ट्र, त्यात महाडीबीटी. लखोट्यावरच्या पत्त्यासारखा खालून वर लागतो. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने 'बँक.इन' अशी राखीव पेठ केली आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे तिथे हलवायला सांगितले. इथे टिंबाकडे लक्ष द्या. 'जीओव्ही.इन' वेगळे आणि 'स्कॉलरशिप-जीओव्ही.इन' वेगळे. दुसऱ्यात 'जीओव्ही'च्या आधी टिंब नाही, आडवी रेघ आहे. आडवी रेघ म्हणजे भिंत नव्हे, ते सगळे मिळून एकच नाव, आणि ते कोणीही घेऊ शकतो.

टिंबाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. बे, पे, ते यांची बैठक एकच, फरक नुक्त्यांचा. 'खुदा' आणि 'जुदा' या दोन शब्दांत नुक्त्याच्या जागेपुरता फरक. तसेच रोमन अक्षरांत 'आर' आणि 'एन' जवळजवळ लिहिले की 'एम' दिसते. 'ओ'च्या जागी शून्य घातले की घाईच्या डोळ्याला कळत नाही. मराठीतही 'घ' आणि 'ध' यांच्यात मुले गफलत करतात तेव्हा मी लाल शाई वापरतो.

आणखी एक युक्ती सांगून ठेवतो, कारण ती फार दुष्ट आहे.

एचटीटीपीएस://स्कॉलरशिप्स.जीओव्ही.इन@एक्झाम्पल.कॉम/

मधे '@' आहे. नियम असा की दोन रेघा आणि उंबरठा यांच्यामध्ये '@' आले तर त्याच्या आधीचे सगळे जाणाऱ्याचे नाव समजायचे, घराचे नाही. घर '@' नंतर सुरू होते. सरकारी कचेरीच्या पत्त्यात ही खूण अशा जागी दिसायचे कारण नाही.

काही वेळा उंबरठ्याची रेघच नसते. मग जिथे प्रश्नचिन्ह किंवा '#' येते, अथवा पत्ता संपतो, तिथे उंबरठा समजावा. आखूड केलेल्या लिंका येतात, पाच-सहा अक्षरांच्या, त्यांत खरे घर दिसतच नाही. शाळेच्या ग्रुपवर अशी लिंक कोणी टाकू नये असे मी सुचवले आहे आणि मुख्याध्यापकांनी ते मान्य केले आहे.

घरमालक ओळखीचा आहे म्हणून भाडेकरूही ओळखीचा असतो असे नाही, हेही सांगायला हवे. 'डॉक्स.गूगल.कॉम' हे घर गूगलचेच, यात शंका नाही. पण त्यातला अर्जाचा नमुना कोणीही तयार करू शकतो. मी स्वतः शाळेच्या सहलीसाठी केला आहे. त्या नमुन्यात आधार क्रमांक आणि बँकखाते मागितले तर मागणारा गूगल नाही, कोणी तरी भाडेकरू आहे. या ठिकाणी पत्ता वाचून भागत नाही, माणूस विचारावा लागतो.

फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता मावत नाही, ही मोठी अडचण. संदेशातली लिंक उघडू नये, तिच्यावर बोट दाबून धरावे, 'कॉपी' येते ते घ्यावे आणि कोऱ्या जागी चिकटवून सावकाश वाचावे. निळ्या अक्षरांत काय लिहिले आहे यावर जाऊ नका, वर 'स्कॉलरशिप्स.जीओव्ही.इन' असे छापून खाली दुसराच पत्ता बांधता येतो. सगळ्यांत बरे म्हणजे खरा पत्ता स्वतःच्या हाताने टाकणे. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा, किंवा 'सायबरक्राइम.जीओव्ही.इन' येथे तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते अडवता येतात. आमच्या त्या बाईला हे माहीत नव्हते. ती आधी लाजेने दोन दिवस घरात बसली, मग माझ्याकडे आली. तोवर खाते रिकामे झाले होते. त्या दोन दिवसांचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते. ती लाजली, पण लाजायचे मी होते.

पत्ते रोमन अक्षरांतच का, असे मागच्या रांगेतले एक चाचा मघाशी विचारत होते. चाचा, २०१४ पासून 'डॉट भारत' असा शेवट असलेले नागरी पत्ते घेता येतात. पण त्यांचा वापर आपल्याकडे अजून फार दिसत नाही, आणि लिपी बदलली तरी उजवीकडून वाचण्याचा नियम बदलत नाही.

आता मी फळ्यावर पाच पत्ते लिहितो. दोन खरे आहेत, तीन बनावट. प्रत्येकाने उंबरठा शोधायचा, तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचे आणि घरमालकाचे नाव कागदावर लिहायचे. शेजाऱ्याचे पाहू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या मुलाला विचारून लिहून घ्यावे, त्याला नक्कल म्हणणार नाही. माताभगिनींनी आपापले फोन बाहेर काढावेत. सहावी-सातवीच्या मुली रांगांमधून फिरतील आणि आलेले संदेश तुमच्यासमोर वाचून दाखवतील. ज्या आपांचे पैसे गेले त्याही आज इथे आल्या आहेत. त्यांनी परवा असाच एक संदेश मला आणून दाखवला आणि विचारले, "सर, हा शेवट एक्सवायझेड आहे, जीओव्ही नाही ना?" त्यांचा तो पत्ता मी फळ्यावर पहिला घेतो.